शेवाळाची तारीख

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला खोलीच्या आधी एका वाळक्या गोडलिंबापुढे उभं केलं. कढीपत्त्याला आमच्याकडे गोडलिंब म्हणतात. रोप माझ्या गुडघ्याएवढं होतं, त्यावर एकही पान नव्हतं आणि त्याच्या कमरेला लाल फीत बांधलेली होती, कोर्टातल्या कागदांच्या गठ्ठ्याला असते तशी.

“याचं काय कराव?” काकांनी विचारलं.

“उपटा,” मी म्हणाले. “मेलंय ते.”

“तू याचं म्हननं ऐकलं का?”

“झाडाचं?”

“मंग कोनाचं? त्याले बोलता येत नाई म्हनून तू एकतर्फी निकाल देऊन राह्यली.”

स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला, “अवं पोरी, तू खोली पाह्य अन् हो म्हन. त्यायच्या नादी लागू नको. त्या काडीची नुसती तारीखच चालू हाय.”

मी उंद्रीहून बुलढाण्याला शिकायला आले होते. त्याआधी बऱ्याच घरमालकांनी मला नाही म्हटलं होतं, कारण माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. आमच्या घरी ते तसंच होतं. वडील गावातल्या प्रत्येक चळवळीत. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं पत्रकांची, आईच्या तिखटाच्या पुड्या पत्रकांच्या, आणि मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवर. काकांनी पिशवीतून एक पत्रक ओढून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं.

“ऱ्हस्वदीर्घ बरोबर हाय,” म्हणाले. “राह्य.”

खोली कशी आहे हे मी दुसऱ्या दिवशी बघितलं.

काकांची सगळी नोकरी कोर्टात झाली. ते बेंच क्लार्क होते. न्यायाधीशांच्या पुढ्यात, खालच्या टेबलाशी बसून पक्षकारांना पुढची तारीख सांगायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अंगातून कोर्ट गेलं नव्हतं. अंगणात माती उकरतानाही पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या, खिशाला पेन, आणि खाली पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली. वरून बघितलं तर साहेब, खालून बघितलं तर गडी. सकाळी चहाच्या आधी ते अंगणाच्या मधोमध उभे राहत आणि कोर्टात शिपाई नावं पुकारतो त्या आवाजात झाडांचा पुकारा करत.

“टमाटर हाजिर हाय?”

स्वतःच वाकून बघायचे. “हाजिर.”

“ढेमसं हाजिर हाय?”

“गैरहाजिर,” काकू चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायच्या. “माकडानं नेलं.”

त्यांचा नियम साधा होता. कोणतंही झाड सुनावणीशिवाय उपटायचं नाही. ज्याला फळ नाही, फूल नाही, किंवा जे मेल्यासारखं दिसतं, त्याला लाल फीत बांधायची आणि तारीख द्यायची. त्या तारखेला त्याच्यापुढे पाट टाकून बसायचं, पानं उलटून बघायची, मुळापाशी बोट घालून ओल बघायची, आणि बहुतेक वेळा पुढची तारीख द्यायची. मी त्या घरात असेपर्यंत अशा सुनावणीत एकाही झाडाचा निकाल लागलेला पाहिला नाही.

“असं का करता?” मी एकदा विचारलं. मला खरंच राग होता. न्यायाला उशीर म्हणजे अन्याय, हे मी चार पत्रकांत लिहिलं होतं.

काकांनी हातातलं ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, “मी तारीख सांगितली की मानसाचं तोंड उतरे. दूरदूरच्या गावाहून येत, सकाळची पहिली एसटी पकडून, भाकर बांधून. मी तारीख सांगे अन् ते गुमान उठून जात. साहेबाकडं पाह्यत नव्हते ते, माह्याकडं पाह्यत. तारीख मी सांगत होतो ना.” मग त्यांनी शेजारच्या लिंबूच्या झाडाच्या, लाल फीत बांधलेल्या बुंध्याला थाप मारली. “याले तारीख देली की याचं तोंड उतरत नाई. उलटं एखांदं पान जास्तच फुटते. इतकी वर्षं दिल्या, त्यातल्या कोन्या कामाच्या तरी होऊ दे.”

मी खाली बसून त्यांच्याबरोबर माती फोडू लागले.

बाग म्हणून बघितली तर ती बागच नव्हती. घाटावरचं गाव, वारा सुटला की वेल मांडवासकट शेजारच्या छपरावर जाऊन पडायचा. पाण्याचं तर विचारूच नका. नळ कधी येईल हे कोणालाच माहीत नसे, आणि आला की सगळी गल्ली कामधंदे सोडून टाक्या, पिंपं, पातेली, कळशा घेऊन उभी. पिण्याचं पाणी झाडाला घालणं म्हणजे पाप, असं काकांचं ठाम मत. म्हणून त्यांनी न्हाणीचं आणि मोरीचं पाणी एका नालीतून अंगणभर खेळवलं होतं. घरातली आंघोळ सुद्धा बागेच्या हिशेबाने व्हायची. “आज वांग्याची पाळी हाय, साबन जास्त लावू नको,” असं मला न्हाणीच्या बाहेरून ओरडून सांगितलं जायचं.

तरीही एक वर्ष टमाट्यांवर असा मावा पडला की पानं दिसेनात. काकांनी तंबाखूचं पाणी मारलं, ताक मारलं, राख उधळली. माव्याने तेवढं सगळं खाल्लं आणि वर टमाटे खाल्ले. कारल्याला भरभरून फुलं यायची आणि कारलं एकही नाही. सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पेरलं की मुंग्या धणे ओळीने उचलून भिंतीपलीकडे नेत. माकडांची टोळी उतरली की काका हातात काठी न घेता फक्त मोठ्याने म्हणायचे, “समन्स निघालं हाय, लक्षात ठेवा!” माकडं भिंतीवर बसून निवांत ढेमसं खायची.

आणि मग एका साली वांगी आली. का आली, कोणालाच कळलं नाही. काकांनी काही वेगळं केलं नव्हतं. पण अशी आली की घरात भाजी, भरीत, भात, सगळ्यात वांगं. मी खोलीतून खाली उतरले की काकू पदराखाली वांगी घेऊन उभ्याच. गल्लीतल्या बायका आम्हाला लांबून बघून दार लावून घ्यायच्या. समोरच्या आत्याबाई तर एकदा स्पष्टच म्हणाल्या, “माय, तुह्या काकाले सांग, आता वांग्याले बी तारीख दे म्हना. पुढच्या सालची.”

या आत्याबाईंच्या पायीच माझं आणि काकांचं पहिलं भांडण झालं. त्यांची सून बाळंतपणात अडली होती, आणि आत्याबाईंनी आमच्या लिंबाला बांधलेली लाल फीत बघितली. हे नवसाचं झाड आहे, असं त्यांनी धरलं. आल्या, हळदकुंकू वाहिलं, फितीच्या वर आपला दोरा बांधला. सून सुखरूप मोकळी झाली. महिन्याभरात त्या लिंबाला इतके दोरे झाले की बुंधा दिसेना. ज्या झाडाला आजवर एक लिंबू लागलं नव्हतं, ते गल्लीला नातवंडं देऊ लागलं.

मी पेटून उठले. रातोरात नव्हे, भर दुपारी बसून पत्रक लिहिलं: ‘भगिनींनो, दोरे सोडा, डोळे उघडा!’ अंधश्रद्धा, शोषण, गुलामी, सगळं त्यात होतं. काकांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, वाचलं, आणि पत्रक मधोमध दुमडून परत दिलं.

“अर्धंच हाय हे.”

“अर्धं?”

“आत्याबाईचं म्हननं कुठं हाय याच्यात?”

“त्यांचं काय म्हणणं असणार? अज्ञान आहे ते.”

“तू इचारलं?”

मी विचारलं नव्हतं. रागारागाने समोर गेले. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, आत्याबाई, त्या झाडात काही नाही, ती कोर्टाची फीत आहे.

“मले काय ठाऊक नाई?” त्या मान वर न करता म्हणाल्या. “सून तिकडं कळा देऊन राह्यली होती, पोरगं सुरतेला कामाला, डॉक्टर काई सांगत नाई. मी घरात बसून करू काय? हाताले काई काम पायजे ना माय. दोरा बांधला. तू आली असती तं तुह्या हाताले बांधला असता.”

मी परत आले आणि ते पत्रक छापलं नाही. नंतर दुसरं लिहिलं, दवाखान्यात अडलेल्या बाईच्या नातेवाइकांना कोणी काही का सांगत नाही, यावर. ते गल्लीतल्या बायकांनीच वाटलं. आत्याबाईंनी स्वतः दहा घरी नेलं. आजही मी लिहायला बसले की पानाच्या मधोमध एक उभी घडी घालते. डाव्या बाजूला माझं. उजवी बाजू समोरच्याची. ती भरेपर्यंत छापायला देत नाही. माझा आवाज त्याने खाली आलेला नाही. उलट आता तो ज्याच्या कानात जायला हवा त्याच्याच कानात जातो. हे मला कोणत्याही शिबिरात कोणी शिकवलं नव्हतं.

आणि काकांनी माझं छप्पर वाचवलं, तेही सांगितलं पाहिजे. मी शिकत होते त्या कॉलेजातल्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मेलेलं कबूतर निघालं. मी पत्रक काढलं. नाव घेऊन काढलं, उजवी बाजू भरून काढलं. आठवड्याने संस्थेतले एक गृहस्थ काकांकडे आले. पांढरे कपडे, काळा चष्मा. म्हणाले, या मुलीला खोली खाली करायला सांगा, तुमच्या घराचं नाव खराब होतंय.

काकांनी त्यांना लिंबाखाली पालथ्या बादलीवर बसवलं.

“तक्रार लेखी हाय का?”

“तोंडीच सांगतोय ना मी.”

“तोंडीवर खोली खाली होत नाई. मंगळवारी लेखी घेऊन या.”

मंगळवारी ते कागद घेऊन आले. काकांनी कागद उलटसुलट केला. “सही इथं नाई, तिथं पायजे होती.” पुढच्या वेळी सही बरोबर होती, तेव्हा म्हणाले, “प्रतिवादीची परीक्षा चालू हाय. परीक्षा झाल्यावर या.” ते वर्ष वांग्याचं होतं. प्रत्येक खेपेला गृहस्थ जाताना पिशवीभर वांगी घेऊन जायचे. शेवटी शेवटी ते तक्रारीचं नावही काढत नसत. दारातूनच विचारायचे, “आहेत का हो?” आणि पिशवी पुढे करायचे. टाकी पुढे साफ झाली, माझी परीक्षाही झाली. मी त्याच खोलीत बसून पास झाले.

एखाद्याला वेळ मिळवून देणं हेही संरक्षण असतं, हे मी तेव्हा शिकले. मला ते पटायला जड गेलं, पण मी त्या वेळेवरच उभी होते, तेव्हा नाकारणार कशी?

पण या सगळ्यात एक अर्ज फार जुना होता, आणि तो झाडाचा नव्हता. तो काकूंचा होता.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत अंगणात काळ्या दगडांची एक ओळ होती. काकूंचा दिवसभराचा रस्ता तोच. भांडी घासायला, पाणी तापवायला, धुणं वाळत घालायला. काकांच्या नालीचं पाणी त्या दगडांवरून वाहायचं, आणि त्यांवर शेवाळ धरलं होतं. हिरवंगार, मखमलीसारखं. काकूंना गुडघ्याचा त्रास. त्या रोज एका हाताने भिंत धरून त्यावरून जायच्या आणि रोज म्हणायच्या, “अवो, एवढं शेवाळ घासून टाका ना. पडीन मी एक दिवस.”

काका वाकून शेवाळाकडे बघायचे. कौतुकानेच बघायचे. त्या सगळ्या अंगणात न सांगता, न विचारता, न मरता वाढणारी तीच एक गोष्ट होती.

“हे बी झाडच हाय ना,” म्हणायचे. “याले बी सुनावनी पायजे. पुढच्या सोमवारी पाहू.”

पुढच्या सोमवारी काही ना काही निघायचं. मीही हसायचे. शेवाळाला तारीख देणारा माणूस मी मैत्रिणींना गंमत म्हणून सांगायचे. काकू हसायच्या नाहीत.

त्या पडल्या तो दिवस गुरुवार होता, सकाळची वेळ. मी वर केस विंचरत होते. खाली भांड्यांचा आवाज झाला, आणि मग काहीच आवाज झाला नाही. खाली आले तर काकू दगडांवर आडव्या, एक पाय विचित्र वळलेला, आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. काका पाटावर, टमाट्यापुढे बसलेले. ते उठेपर्यंत आत्याबाई समोरून धावत आल्या होत्या. आम्ही तिघांनी मिळून काकूंना ऑटोत घातलं. काकूंचा खुबा मोडला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागेल, आणि या वयात पुन्हा चालतील की नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

दुपारी काका आणि मी घरी आलो, काकूंची लुगडी, ताटवाटी न्यायला. काका घरात गेलेच नाहीत. अंगणात गेले, कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि शेवाळ खरवडायला लागले. आधी शेवाळ. मग नाली फोडली. मग टमाटे उपटले, फळं असलेले टमाटे. मग कारल्याचा वेल मांडवासकट ओढून खाली पाडला. गोडलिंबाची काडी एका झटक्यात निघाली. पांढऱ्या शर्टावर चिखल उडत होता, खिशातलं पेन खाली पडलं तेही त्यांना कळलं नाही.

“काका, थांबा.”

“नाई.”

“ऐकून तर घ्या काही.”

“ऐकून ऐकूनच हे झालं!” ते ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा पुकाऱ्याचा आवाज ऐकला होता, पण हा ऐकला नव्हता. “समद्यायचं ऐकत बसलो. झाडाचं ऐकलं, माव्याचं ऐकलं, माकडाचं ऐकलं.”

ते लिंबापाशी आले. दोऱ्यांनी मढलेल्या त्या बुंध्याच्या मुळाशी कुदळ घातली. मी दांडा धरला. माझी ताकद त्यांच्यापुढे काहीच नव्हती, पण मी धरला.

“एकतर्फी निकाल देताय तुम्ही.”

“आता कोनाचं ऐकाचं राह्यलं?”

“काकूंचं.”

त्यांच्या हातातली कुदळ सुटली नाही, पण खाली आली. ते तिथेच मातीत बसले. मी घरात जाऊन लुगडी घेतली, ताटवाटी घेतली, आणि बाहेर आले तेव्हाही ते तसेच बसले होते. मी म्हटलं, चला.

दवाखान्यात काका पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, दोन्ही हात लोखंडी दांडीवर ठेवून. पिंजऱ्यात साक्षीदार उभा राहतो तसे. शर्टावर चिखल होता. काकूंनी तो बघितला.

“झाडं उपटली का?”

“हाव.”

“काऊन?”

“तुले पाडलं म्हनून.”

काकू वर छताकडे बघत राहिल्या. शेजारच्या पलंगावरची बाई उगाच चादर नीट करू लागली.

“मले झाडानं नाई पाडलं,” काकू म्हणाल्या. “शेवाळानं बी नाई पाडलं. शेवाळाचं काय हाय, ते ओलीवर येतेच. तुमी मले उद्या उद्या केलं ना, त्यानं पाडलं. त्या वाळल्या काडीले तुमी हंगामावर हंगाम देले. मले एक सकाळ पायजे होती. एक. ब्रश अन् चुना घेऊन बसले असते तं घंटाभराचं काम होतं.”

मी वाट बघत होते की काका काही तरी कायद्याचं बोलतील. त्यांनी मान खाली घातली.

“कबूल,” म्हणाले.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याच वेळी त्या चिडल्याही. “कबूल म्हने. अन् वरतून झाडं उपटून आले! आता मी घरी येऊन पाहू काय, भित?”

“मंग काय करू?”

“मले काय इचारता? आजवर कधी इचारलं?”

“आता इचारून राह्यलो ना.”

काकूंनी हात पुढे केला, आणि काकांनी तो धरला, चिखलाच्या हाताने. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मी वाचलेल्या सगळ्या पत्रकांत बाईच्या हक्कांवर पुष्कळ होतं. पण नवरा ‘कबूल’ म्हणतो आणि पुढे एकही ‘पण’ लावत नाही, असं मी कुठे वाचलं नव्हतं.

काकू दवाखान्यात असेपर्यंत काकांनी अंगण बदललं. नाली भिंतीच्या कडेने वळवली. त्या काळ्या दगडांना टाकी लावली, छिन्नीने बारीक खाचा पाडल्या, जशा पाट्याला पाडतात, म्हणजे पाय घसरू नये. टाकीवाल्याला बोलावलं नाही, स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन बसले. बोटं फुटली. उपटलेलं जे जगण्यासारखं होतं ते आत्याबाईंनी आणि मी पुन्हा रोवलं. बरंचसं मेलं. मेलेल्याला कोणी फीत बांधली नाही. मेलेलं उचलून खड्ड्यात टाकलं, त्यावर माती ओढली.

मी आज खामगावला राहते. माझ्याकडे अंगण नाही, गच्चीवर पाच-सहा कुंड्या आहेत आणि त्यांत जे लावते ते निम्मं मरतं. लोक विचारतात, तुला एवढ्या आंदोलनांतून हे सुचतं कधी? मी सांगते, मला एका माणसाने झाडापुढे पाट टाकून बसायला शिकवलं, आणि त्याच्या बायकोने त्या पाटावरून उठायला शिकवलं. दोघांचे उपकार सारखेच आहेत. मला ते वेगळे करता येत नाहीत.

काकू वॉकर धरून घरी आल्या त्या दिवशी पहिल्यांदा अंगणात उतरायचं म्हणाल्या. मी मागे होते, पडल्याच तर धरायला. काका त्यांच्या पुढे होते, आणि ते उलटे चालत होते. अनवाणी. काकूंकडे तोंड करून, एकेक दगड आपल्या तळपायाने चाचपत, मग त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहत, आणि मग मागच्या दगडावर जात.

“अवो, तुमी पडान ना आता!” काकू म्हणाल्या.

“पडलो तं मी पडीन. तू ये.”

आत्याबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, “पाह्य वं माय, लग्नात सप्तपदी बी एवढी सांभाळून चालला नसन.”

काकू हसल्या, आणि वॉकर हलला, आणि आम्ही दोघंही एकदम पुढे झालो. पण त्या पडल्या नाहीत. अंगणाच्या मध्ये काकांनी खुर्ची ठेवली होती. त्या हळूच बसल्या. दम घेतला. सगळं अंगण एकदा डोळ्यांखालून घातलं, इकडून तिकडे, सावकाश. काका समोर उभे, हात पाठीमागे.

काकूंनी भिंतीकडच्या नव्या रोपांकडे बोट केलं.

“ही भेंडी कोनं लावली इथं?”

“म्या,” काका म्हणाले.

“सावलीत भेंडी येते का?”

आता भेंडीलाही तारीख मिळते की काय म्हणून मी काकांच्या तोंडाकडे बघितलं. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, भिंतीपाशी जाऊन उकिडवे बसले, आणि दोन्ही हातांनी माती सैल करून पहिलं रोप मुळांच्या गोळ्यासकट अलगद वर उचललं. ते तळव्यांवर धरून, माती बोटांमधून गळत असताना, ते काकूंकडे वळले.

“कुठं लावू?”